हिप-हॉप अंडरग्राउंडचं का मेनस्ट्रीमचं? एका व्हर्सवरून आमचा ग्रुप फुटायला आलाय

त्रिमूर्तीचौक_बार्स

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण वाचा आणि खरं खरं सांगा.

आम्ही नाशिकच्या सिडको आणि अंबडची पोरं, मराठीत रॅप करतो, मधेमधे हिंदी. रविवारी संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, गाडगे महाराज पुलाखाली सायफर (गोलात उभं राहून आळीपाळीनं रॅप) असतो आमचा, तिथं आवाज मस्त घुमतो, बीट (मागचं संगीत) फोनवर लावलं तरी चालून जातं. तर आमचं एक गाणं आहे, एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांवर. माझ्या मित्राचे वडील तिथं ठेकेदाराकडं आहेत, त्यांच्याशी बोलून बोलून लिहिलंय. फोनवरच शूट करून टाकलं होतं, ते अचानक फिरायला लागलं, सातपूरच्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं, मग रील झाल्या आणि आता एका म्युझिक कंपनीचा फोन आलाय की गाणं आम्ही रिलीज करतो, नवीन व्हिडिओ काढतो, एकरकमी पैसे देतो. पैसे आमच्या घरांच्या हिशोबानं खूपच आहेत.

पण अट अशी की दुसरा व्हर्स, म्हणजे कडवं, काढून टाकायचा आणि हूक, म्हणजे ध्रुपद, हिंदीत करायचा. दुसरा व्हर्स म्हणजे ठेकेदाराचा व्हर्स. त्यातल्या दोन ओळी टाकतो म्हणजे कळेल:

आठ तासाची शिफ्ट, बारा तास राब
पीएफचं विचारलं तर गेट दाखवतो साब

कंपनीचं म्हणणं हे "नेगेटिव्ह" वाटतं, पहिला व्हर्स मेहनतीवर आहे तो ठेवू, मोटिव्हेशनल होईल.

आता ग्रुपमधे दोन गट पडलेत. एक म्हणतो हिप-हॉप अंडरग्राउंडचंच आहे, कंपनीकडं गेलो की संपलं, आपण हे पुलाखालीच करायचं. दुसरा म्हणतो आख्ख्या जगात आज हिप-हॉप हेच मेनस्ट्रीम आहे, तू कुठल्या जमान्यात राहतोस. मी मधे अडकलोय. तुम्हाला काय वाटतं, हे नक्की कोणाचं आहे?

---

गंगापूररोड_फ्लो

घे रे पैसे. खरंच सांगतो. २०१४ ला कुर्ल्याच्या नेझी नावाच्या रॅपरनं आयपॅडवर शूट करून गाणं टाकलं, २०१५ ला तो आणि डिव्हाइन एकत्र आले आणि २०१९ ला त्यांच्यावरून प्रेरणा घेऊन 'गली बॉय' पिक्चर आला, तेव्हा कुठं आपल्या आईबापाला कळलं की पोरगं खोलीत बसून काय बडबडतंय. तो पिक्चर आला नसता तर आज तुझ्या रीलखाली कोणी कमेंट केली नसती. एमसी स्टॅन पुण्याच्या ताडीवाला रोडचा, २०२३ ला बिग बॉस जिंकला, आता त्याचं नाव खेड्यातल्या पोरालापण माहितेय. आपला नाशिक ढोल बघ, मुंबईत पुण्यात सगळ्या लग्नांत वाजतो, म्हणून काय तो आपला राहिला नाही का? बाहेर गेलं की मोठं होतं, संपत नाही.

---

कॅसेटवाला_काका

वयानं तुमच्यापेक्षा बराच मोठा आहे, १९९२ ला रॅपर बाबा सेहगलची कॅसेट मेनरोडवरून आणून झिजेपर्यंत ऐकलेली पिढी आमची. तेव्हापासून हे संगीत मनापासून ऐकत आलोय म्हणून बोलतो.

अंडरग्राउंड आणि मेनस्ट्रीम हे भांडण सुरुवातीपासूनचं आहे असं सगळे धरून चालतात, पण सुरुवात बघितली तर चित्र वेगळं दिसतं. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स, १५२० सेजविक अॅव्हेन्यू, एका मोठ्या बिल्डिंगचा कॉमन हॉल. डीजे कूल हर्क आणि त्याची बहीण सिंडी यांनी पार्टी ठेवली. का ठेवली? शाळा सुरू होणार होती आणि सिंडीला नवीन कपडे घ्यायचे होते. म्हणून तिकीट लावलं, मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. म्हणजे पैसा पहिल्या रात्रीपासून आहे यात. फक्त गल्ला सिंडीच्या हातात होता. दुसऱ्या कोणाच्या नाही.

आता सहा वर्षं पुढं या. १९७९, 'रॅपर्स डिलाइट'. रेडिओवर गाजलेलं पहिलं मोठं रॅप गाणं, लेबल न्यू जर्सीचं, आणि गाणारे तिघं ब्रॉन्क्सच्या त्या पार्ट्यांमधे रॅप करणारे नव्हतेच. त्यातला बिग बँक हँक एका पिझ्झाच्या दुकानात कामाला होता, त्यानं जे म्हटलं ते ग्रँडमास्टर कॅझ नावाच्या ब्रॉन्क्सच्या एमसीच्या, म्हणजे रॅपरच्या, वहीतलं होतं. आणि किती जसंच्या तसं म्हटलं, तर कॅझनं स्वतःचं जुनं नाव, कॅसानोव्हा फ्लाय, एकेक अक्षर सुटं करून ओळीत बांधलं होतं, ते अक्षरांसकट हँकनं रेकॉर्डवर म्हटलंय. आजही ऐका, दुसऱ्याचं नाव सांगतोय तो. कॅझला ना श्रेय मिळालं ना पैसा.

हे मी का सांगतोय, तर त्या दिवशी हिप-हॉप मेनस्ट्रीम झालं हे दुःख नाही रे पोरांनो. ते व्हायलाच हवं होतं, ब्रॉन्क्समधे जळक्या बिल्डिंगांच्या मधे राहणाऱ्या पोरांचा आवाज जगानं ऐकायलाच हवा होता, आणि त्या गाण्यामुळंच पुढच्यांना दारं उघडली. दुःख हे की ज्याच्या वहीतून निघालं त्याचं नाव कागदावर नव्हतं. म्हणून किती लोक ऐकणार हा प्रश्न मला बिनमहत्त्वाचा वाटतो. वही कोणाची आणि कागद कोणाचा, ते विचारा.

१९८९ ला ग्रॅमीवाल्यांनी पहिल्यांदा रॅपला बक्षीस ठेवलं, पण ते टीव्हीवर दाखवणार नाही म्हणाले, तेव्हा ज्यांना बक्षीस मिळालं त्या जोडीतला विल स्मिथच समारंभाला गेला नाही, बऱ्याच जणांनी बहिष्कार टाकला. म्हणजे मेनस्ट्रीममधे जाऊनसुद्धा अटी नाकारता येतात. २०१८ ला रॅपर केंड्रिक लामारला संगीताचं पुलित्झर मिळालं, शास्त्रीय आणि जॅझ सोडून ते बक्षीस आधी कोणालाच मिळालं नव्हतं. आपल्या कॉम्प्टनच्या गल्लीबद्दल तो जे बोलत होता तेच बोलून मिळालं. त्याला कोणी मोटिव्हेशनल व्हायला लावलं नाही.

तुमचा दुसरा व्हर्स हाच ते गाणं आहे, बेटा. कामगारांनी ते व्हॉट्सॲपवर पाठवलं ते पीएफच्या ओळीसाठी पाठवलं.

---

पुलाखालचा

मी त्याच ग्रुपमधला "पहिला गट" आहे, तर माझी बाजू मीच मांडतो.

काका तुमचा मान ठेवून सांगतो, तिकीट सिंडीनं लावलं ते बरोबर, पण ती तिच्या बिल्डिंगमधली पार्टी होती, आलेले सगळे आजूबाजूचे. मी अंडरग्राउंड म्हणतो ते हेच. समोर कोण उभं आहे ते दिसलं पाहिजे. आमच्या सायफरला मी एकदा खोटा बार, म्हणजे रॅपची ओळ, टाकला, म्हणजे बंदूक बिंदूक असलं काहीतरी, जे आपल्या आयुष्यात नाहीच, तर समोरून लगेच "ए भो, कुठली बंदूक रे तुझ्याकडं" आलं. तिथल्या तिथं. हे कंपनीच्या ऑफिसात कोण म्हणणार? तिथं उलट म्हणतील अजून दोन टाक. मुंबईचे स्वदेसीवाले रॅपर बघा, २०१९ ला तिथल्या आरेच्या जंगलासाठी वारली आदिवासींचं गाणं केलं, आरेतल्याच प्रकाश भोईरांना सोबत घेऊन, एमसी मवाली मराठीत बोलतो त्यात. ते गाणं कुठल्या मीटिंगमधे पास झालं असतं सांगा बरं. २०२३ ला राज मुंगासेवर राजकारणाच्या रॅपवरून गुन्हा दाखल झाला, त्यानं गाणं आधी कोणाला विचारून टाकलं नव्हतं म्हणूनच ते जसं होतं तसं बाहेर आलं.

आणि नाशिक ढोलाचं म्हणत असशील भाऊ, तर नाव नाशिकचं राहिलं, सुपारी दुसऱ्याची झाली. आपल्या वादकांना काय मिळालं?

---

नाशिकरोडची_एमसी

एक बाजू कोणीच बोलत नाहीये ती बोलते. "अंडरग्राउंड म्हणजे समोरचा दिसतो" हे वाक्य छान आहे, पण समोर उभं राहायला जागा कोणाला मिळते? मी सायफरला आले होते (तुमच्या नाही, दुसऱ्या एका), गोलात सगळी मुलं, माझा नंबर आला की बीट बदलायचं, नाहीतर चार ओळी झाल्या की कोणीतरी मधे घुसायचं. रात्री साडेनऊला गंगेवरून नाशिकरोडला एकटीनं परत यायचं म्हणजे घरी काय काय ऐकावं लागतं ते तर सोडाच. तेव्हा ते खरं हिप-हॉप होतं आणि मी घरी ब्लँकेटखाली फोन धरून रेकॉर्ड करून टाकत होते ते काय खोटं होतं का?

माझे ऐकणारे मला यूट्यूब शॉर्ट्सवरून मिळाले. मालेगावची एक मुलगी मला मेसेज करते, तिला कुठल्या पुलाखाली जाता येणार आहे? टीव्हीवरच्या रॅप शोमधे मुली स्टेजवर उभ्या दिसल्या म्हणून माझ्या आईनं मला "कर" म्हटलं. तर मेनस्ट्रीमला शिव्या देताना एवढं लक्षात ठेवा की काहींसाठी तेच पहिलं उघडं दार होतं.

एवढं बोलून सांगते, दुसरा व्हर्स कापू देऊ नका. माझे पप्पापण कंत्राटावर होते. त्या दोन ओळी वाचून मी गाणं शोधून ऐकलं.

---

बीगर्ल_नाही_बीबॉय

रॅपवाले नेहमी विसरतात की ब्रेकिंग, म्हणजे आमचा नाचपण, हिप-हॉप आहे. आम्हाला तर २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमधे बोलावलं, यापेक्षा मेनस्ट्रीम काय असतं? जपानच्या अॅमीनं गोल्ड घेतलं तेव्हा आम्ही रात्री जागून बघत होतो, डोळ्यात पाणी आलं होतं खरंच. आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीत ब्रेकिंग नाहीये. अमेरिकेतच होतंय आणि तिथंच नाही. आमची प्रॅक्टिस जॉगिंग ट्रॅकशेजारच्या फरशीवर पुठ्ठा टाकून आधीपण चालू होती आणि आतापण चालू आहे. मेनस्ट्रीम पाहुणा आहे, आला तर चहा पाजा, त्याच्या भरवशावर घर बांधू नका.

---

बेडरूम_मास्टर

मिक्सिंग-मास्टरिंग करतो, इंदिरानगरला छोटा सेटअप आहे, त्यामुळं असल्या अॅग्रीमेंटा घेऊन पोरं माझ्याकडं येत राहतात. तात्त्विक चर्चा चालू दे, मी कागदाचं बोलतो कारण काकांनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

पहिलं म्हणजे "एकरकमी" या शब्दाला घाबर. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रेकॉर्डिंग, त्याला मास्टर म्हणतात, आणि दुसरी शब्द आणि चाल. कंपनी एका रकमेत दोन्ही मागते आणि आपली पोरं सही करून मोकळी होतात. पण २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली त्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हिस्सा राखून ठेवलाय, तो तू कंपनीला लिहून देतो म्हटलास तरी देता येत नाही, वारसाला किंवा गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएससारख्या सोसायटीलाच देता येतो. रॅपर म्हणजे गीतकारच की रे! आयपीआरएसचा मेंबर हो, सगळ्यांनी व्हा, आणि कोणी किती लिहिलं ते टक्क्यांत आजच्या आज एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. गाणं चाललं की मग आठवण वेगवेगळी व्हायला लागते, मी डोळ्यानं बघितलंय, जिवाभावाचे मित्र बोलायचे बंद झाले.

दुसरं, मुदत आणि प्रदेश बघ. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्या "कायमस्वरूपी, संपूर्ण जगात" असं मुद्दाम लिहितात. त्या ओळीवर बोट ठेवून विचार, पाच वर्षं का नाही? विचारायला पैसे पडत नाहीत.

तिसरं, व्हर्स कापण्याचं. लेखकाचं लिखाण त्याची बदनामी होईल असं मोडतोड केलं तर हरकत घ्यायचा हक्क कायद्यात आहे, कॉपीराइट विकल्यावरसुद्धा. पण तू स्वतःच कापायला हो म्हणून सही केलीस तर मग बोलायला जागा राहत नाही. म्हणून आत्ताच नाही म्हण.

आणि सगळ्यात महत्त्वाचं जे कोणी विचारलंच नाही, बीट कोणाचं आहे? यूट्यूबवरून लीज, म्हणजे वापरायचं लायसन्स, घेतलंय का? साध्या लीजवर ते बीट अजून पन्नास जणांकडं असू शकतं, स्ट्रीमची मर्यादा असते आणि तुला ते "एक्सक्लुझिव्ह" म्हणून कंपनीला देताच येत नाही. दिलंस तर उद्या दुसऱ्याचा क्लेम आला की भरपाई तुझ्याकडून मागतील, तसं कलम असतंच.

---

गंगापूररोड_फ्लो

मास्टरदादा हे माहीतच नव्हतं. पण मग काय, कंपनीशी बोलायचंच नाही का? हनुमानकाइंड २०२४ ला केरळमधे मौत का कुआं, आपल्याकडं यात्रेत असतो ना तसला, त्यात उभं राहून रॅप करतो आणि गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० मधे जातं. त्याच वर्षी 'तांबडी चामडी' डच लेबलवरून जगभर वाजलं, मराठी शब्द जसेच्या तसे, कोणी हिंदी करा म्हटलं नाही. म्हणजे मोठं व्हायला भाषा बदलावी लागते हे कंपनीचं म्हणणंच जुनं झालंय, हे तोंडावर सांगा की.

---

सिन्नरचा_दत्ता

मी रॅप फार ऐकत नाही, भाचा ऐकतो, त्यानं हा धागा दाखवला. पण लोककवी वामनदादा कर्डकांचं नाव अजून कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटलं, तेही नाशिकच्या चर्चेत. देशवंडी, सिन्नर तालुका. १९२२ चा जन्म. मुंबईत कष्टाची कामं केली, लिहायवाचायला मोठेपणी तिथंच शिकले, आणि मग आयुष्यभर वस्तीवस्तीत फिरून गायले. हजारो गाणी. ज्या जिल्ह्यात १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, त्या मातीतला माणूस. रेडिओ टीव्हीवर त्यांना कितीसं स्थान होतं? पण १४ एप्रिलला महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जा, त्यांचं गाणं वाजल्याशिवाय दिवस जात नाही. त्याला तुम्ही अंडरग्राउंड म्हणणार का मेनस्ट्रीम? लाखो लोक तोंडपाठ म्हणतात.

आणि एक गोष्ट, वरच्या काकांनी त्या कॅझचं सांगितलं त्यावरून मनात आली. वामनदादांच्या शेवटच्या कडव्यात "वामन" येतो. आपली जुनी रीतच आहे ती, नामदेव-तुकोबांपासून चालत आलेली. कितीही गायकांनी गायलं, कोणीही कॅसेट काढली तरी नाव ओळीतच बांधलेलं, ते काढायचं तर यमक मोडतं. त्या परदेशी पोरानं नकळत तेच केलं होतं आणि म्हणूनच आज सगळ्यांना माहीत आहे की ओळी त्याच्या होत्या. तुमच्या गाण्यात तुमचं नाव कुठल्या कडव्यात आहे बाळांनो?

---

त्रिमूर्तीचौक_बार्स

दत्ताभाऊ, अंगावर काटा आला वाचून. नाव दुसऱ्याच व्हर्समधे आहे. शेवटच्या दोन बारमधे आमच्या टोळीचं नाव आणि मित्राच्या वडिलांचं नाव, दोन्ही. म्हणजे तो व्हर्स गेला की गाणं कोणाचं हेच जातं. आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

काल सगळे बसलो. पुलाखालचा आणि मी नीट बोललो बऱ्याच दिवसांनी. मित्राच्या वडिलांनाच विचारलं शेवटी, काका तुम्ही सांगा. ते म्हणाले पैसे मिळत असतील तर घ्या, मला आनंदच आहे, पण ठेकेदाराचं काढून नुसतं मेहनत मेहनत लावलं तर ते गाणं ठेकेदारच गेटवर वाजवेल. यावर कोणी काही बोललंच नाही.

तर कंपनीला असं कळवायचं ठरलंय की गाणं पूर्ण जाईल, मराठीत जाईल, पाच वर्षांसाठी देऊ आणि शब्दांची रॉयल्टी आमची. नाही म्हणाले तर आम्ही स्वतः टाकतो, हळूहळू जाईल तिथवर जाईल. पैशाचं वाईट वाटेल, घरी सगळ्यांना गरज आहे, ते खोटं बोलत नाही. आणि नाशिकरोडच्या ताई, या रविवारपासून सायफर पाचला सुरू करून साडेसातला बंद, आणि ज्याचा नंबर त्याचंच बीट, मधे कोणी घुसायचं नाही. या तुम्ही, तुमच्या मैत्रिणींनापण आणा.

मास्टरदादा, बीट लीजवरच आहे. परदेशातल्या एका प्रोड्युसरकडून घेतलं होतं, सगळ्यात स्वस्तवालं लायसन्स. आता काय करू?

---

बेडरूम_मास्टर

मेल शोध आधी, पैसे भरले तेव्हा लायसन्सची पीडीएफ आली असेल, त्यात स्ट्रीमची मर्यादा आणि मॉनेटायझेशनचं काय लिहिलंय ते बघ. मग प्रोड्युसरला सरळ विचार की एक्सक्लुझिव्ह अजून शिल्लक आहे का आणि कितीला. शिल्लक नसेल तर बीट नवीन बनवू, तुझा व्होकल त्याच टेम्पोवर आहे, फार त्रास नाही होणार. माझ्याकडं हार्मोनियम आणि संबळ वाजवणारा एक पोरगा येतो, त्याला घेऊन करून बघू. पीडीएफ मिळाली की मला पाठव, आणि तोवर कंपनीला मेल टाकू नको.